‘गाडी लागते’ या वाक्यातील कर्ता

मी एक वापरलेली गाडी बोलते आहे. मला ‘जुनी’ म्हणू नये, ही विनंती. जुने होण्यासाठी केवळ काळ पुरतो. वापरले जाण्यासाठी माणसे लागतात. मी उंच बांध्याची, रुंद चाकांची, मागे मोठे दार असलेली, पेट्रोलवर चालणारी मोटार आहे. अशा गाडीला लोक ‘एसयूव्ही’ म्हणतात. माझ्या मालकांपैकी एकालाही त्या अक्षरांचा विस्तार सांगता आला नाही, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करते. मला वेदना होत नाहीत. लोखंड तापते, रबर झिजते, काच तडकते. हे मला कळते, आणि कळण्यापलीकडे काही होत नाही. तेव्हा या वृत्तान्तात हुंदके आढळले नाहीत, तर तो दोष मानू नये.

माझा जन्म एका सरकत्या पट्ट्यावर झाला. ज्याने माझे उजवे दार बसवले, त्याने डावे कधी पाहिले नाही. मी पूर्ण झाले तेव्हा मला संपूर्ण ओळखणारा तेथे कोणी नव्हता.

माझा पहिला मालक भूमापक होता. लोकांच्या जमिनी मोजणे हा त्याचा व्यवसाय. तो एकटाच हिंडत असे. माझ्या मागच्या आसनावरचे कारखान्यातील प्लॅस्टिकचे वेष्टन त्याने कित्येक वर्षे काढले नाही. ‘‘मागे बसतंय कोण?’’ असे तो मला धुणाऱ्याला म्हणे. दगडधोंड्यांच्या वाटांवर त्याने मला पुष्कळ पिटाळले. अशाच एका वाटेवर माझ्या पोटाखालची, धूर मागे नेणारी नळी एका खडकाला घासली आणि सांध्यापाशी तिला चीर पडली. मी घरघरू लागले. भूमापकाने रेडिओचा आवाज वाढवला. पुढे त्याची दृष्टी अधू झाली आणि त्याने मला एका दलालाच्या स्वाधीन केले.

दलालाने मला न्हाऊमाखू घातले, आसनांवर सुगंधी द्रव्य फवारले आणि त्या चिरेवर पत्र्याची एक पट्टी गुंडाळून वरून भेगा बुजवायचे लुकण थापले. घरघर थांबली. ‘‘गिऱ्हाईक खाली वाकून बघत नाही,’’ तो आपल्या भागीदाराला म्हणाला, ‘‘आत बसून बघतं.’’ या मनुष्याला माणसांची पारख होती, हे मान्य केले पाहिजे.

मला पाहायला जे आले ते पडदेवाले होते. घरांच्या आणि कचेऱ्यांच्या खिडक्यांना पडदे शिवून, दांड्यांसह लावून देणारे कुटुंब. नवरा मापे घेई आणि भिंतीत दांडे ठोकी. बायको गिऱ्हाइकांशी बोले आणि शिलाई करी. नवऱ्याची थोरली बहीण, जिला सर्व जण आक्का म्हणत, ती चुण्या घाली. पडद्याच्या माथ्यावरच्या चुण्या एकसारख्या पडल्या नाहीत, तर उंची कापडही वाळत घातल्यासारखे दिसते. आक्काच्या चुण्या मोजपट्टी न लावता एकसारख्या पडत, आणि गिऱ्हाइके या कुटुंबाला शोधत येत ती त्या चुण्यांसाठी.

गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात. पडदेवाल्याने खिशातून टेप काढली आणि माझ्या पोटाची लांबी मोजली.

‘‘दांडा वीतभर बाहेर राहतोय,’’ तो म्हणाला.

‘‘अहो, आधी इंजिन तरी बघा,’’ बायको म्हणाली.

‘‘इंजिन असतंच गं गाडीला. लांबी नसते.’’

‘‘आणि ती वीतभर?’’

‘‘मागचं दार दोरीनं बांधायचं. दोरी काय, आपल्याकडे पडद्याच्या डोरीचे गुंडाळे पडलेत.’’

आक्काने आसनाच्या कापडावर उलटा हात फिरवला. ‘‘वीण घट्ट आहे,’’ ती म्हणाली. तिचे मत कोणी विचारले नव्हते. तसे ते सहसा विचारले जात नसे. परंतु ती ते देत असे, आणि शांतपणे देत असे.

अशा रीतीने मी त्यांची झाले.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. कामाच्या दिवशी सकाळी माझे मागचे आसन अर्धे दुमडून तेथून नवे रंगवलेले दांडे आत सरकवले जात. त्यांची टोके मागून वीतभर बाहेर राहत. मागचे दार त्यांवर टेकवून पडद्याच्या डोरीने घट्ट बांधले जाई. घट्ट, पण बंद नव्हे. उरलेल्या अर्ध्या आसनावर कापडाच्या ताग्यांत आक्का बसे. मांडीवर पडद्याची पट्टी, ओठांत टाचण्या. जाता जाता ती चुण्या टाचत जाई, म्हणजे पोहोचताच पडदा चढवता येई. नवरा-बायको पुढे बसत. दांड्यांच्या ताज्या रंगाचा वास इतका उग्र असे, की दुसरा कोणताही वास त्यापुढे टिकत नसे.

लवकरच माझे दोष उघडे पडू लागले. पहिला दोष हादऱ्याचा. चौकात थांबले की माझे सर्वांग थरथरे. पडदेवाल्याने मला गॅरेजमध्ये नेले. तेथील मिस्त्री जाडजूड, सावकाश बोलणारा गृहस्थ होता.

‘‘काय होतंय?’’ त्याने विचारले.

‘‘उभी राहिली की थंडी वाजल्यासारखी कापते हो.’’

‘‘पळताना?’’

‘‘पळताना गुणी बाळ.’’

इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसते, ते ठोकळे झिजले होते. मिस्त्रीने ते बदलले. थरथर गेली. त्यानंतर क्लच घसरू लागला. चढावर इंजिन ओरडे, पण चाके त्या मानाने फिरत नसत. ती दुरुस्ती चालू असतानाच माझी जुनी घरघर परतली. दलालाची पट्टी ढिली झाली होती.

मिस्त्री पाठीवर सरकत माझ्याखाली गेला. ‘‘कोणीतरी पत्रा गुंडाळलाय नळीला. सुटत आलाय तो.’’

‘‘धोका आहे?’’

‘‘धोका कसला? आवाज आहे. पुढच्या खेपेला नळीच बदलू. आज क्लच करू की हे करू?’’

‘‘क्लच करा. आवाजाचं काय, त्याची सवय होते.’’

मला येथे दोघांचीही निंदा करायची नाही. त्यांनी जे पाहिले त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर होता. मात्र पडदेवाला मला गॅरेजमध्ये नेई तो नेहमी रिकामी करून, झाडून-पुसून. दांडे घरी उतरवलेले, ताग्यांचा पत्ता नाही, मागचे दार व्यवस्थित बंद. दुसऱ्याच्या हाती गाडी द्यायची ती स्वच्छ द्यावी, असे त्याला वाटे. कामाच्या दिवशी मी कशी दिसते, हे मिस्त्रीने कधी पाहिलेच नव्हते.

याच काळात एके दिवशी आक्का म्हणाली, ‘‘मला गाडी लागते रे.’’

‘‘तुला? आजवर बसमध्ये कधी लागली नाही ती?’’

‘‘ही लागते. डोकं ठणकतं. मळमळतं. बोटं जड होतात.’’

‘‘वय झालं आक्का,’’ तो प्रेमाने म्हणाला. ‘‘लिंबू हुंगत जा. आणि सारखं खाली बघून टाचण्या लावू नकोस. खाली बघितलं की लागतेच.’’

आक्का लिंबू हुंगू लागली. आले चघळू लागली. सकाळी काही न खाता निघू लागली. काही दिवस उलट पोटभर खाऊन निघाली. ज्याने ज्याने जो उपाय सांगितला, तो तिने केला. सर्व उपाय तिच्यावरच झाले.

आता येथे मला भाषेविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. ‘आक्काला गाडी लागते’ हे वाक्य पाहावे. यात कर्ता कोण? आक्का नव्हे. लागते ती मी. मी कर्ता, आक्का केवळ सोसणारी. तरीही हे वाक्य उच्चारले की सर्वांच्या नजरा आक्काकडे वळतात, माझ्याकडे कोणीही पाहत नाही. ब्रेक लागत नाही म्हटले, तर ब्रेक तपासतात. गाडी लागते म्हटले, तर माणूस तपासतात. इतके स्पष्ट वाक्य ऐकून त्याचा उलटा अर्थ लावण्याची ही सवय कोठून आली, ते मला ठाऊक नाही. ते वाक्य मी प्रत्येक वेळी ऐकले. मला वाचा नव्हती.

पडदेवाल्याची बायको जिभेची तिखट होती. मनाची तशी नव्हती. कामे वाढली होती, आणि ती पोहोचवायच्या ठिकाणी आक्का गाडीतून उतरताच पायरीवर बसून राही. पडदे चढवायला उशीर होई. गिऱ्हाईक घड्याळाकडे पाही.

‘‘वन्सं,’’ ती एकदा मागे वळून म्हणाली, ‘‘त्या दिवशी पाहुण्यांकडे गेलो तेव्हा नाही हो लागली गाडी? जाताना गाणी म्हणत होतात. कामाच्या दिवशीच नेमकी कशी लागते ती?’’

‘‘मला काय माहीत? गाडीलाच विचार.’’

‘‘गाडीला तोंड असतं तर विचारलंच असतं.’’

नवरा हसला. आक्काही हसली, मात्र तिने ओठांत टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे ते हसू बाहेर आले नाही.

पुढे एकदा आक्का खाली उतरलेली असताना नवरा-बायकोचे बोलणे झाले.

‘‘धाकट्या भाऊजींकडे जातील का वन्सं?’’ बायको म्हणाली. ‘‘तिथं मुलं आहेत, जीव रमेल. इथं ही रोजची ये-जा. त्यांनाच झेपत नाही.’’

‘‘आणि चुण्या?’’

‘‘मी शिकेन. मशीनवरही येतात आता.’’

‘‘बघू,’’ तो म्हणाला.

आक्का माझ्या मागच्या दाराशी उभी होती. दार दोरीने बांधलेले, पण बंद नव्हते, हे मी आधी सांगितले आहे. तिने सर्व ऐकले. त्या दिवसापासून तिने गाडी लागण्याविषयी चकार शब्द काढला नाही. ‘‘बरं वाटतंय का?’’ असे विचारले तर ‘‘अगदी’’ म्हणे. धाकट्या भावाच्या घरी तिला एक कोपरा मिळाला असता. परंतु तेथे तिच्या हातांची कोणाला गरज नव्हती. मला वाटते, तिला भीती वाटत होती ती याच एका गोष्टीची. यानंतर माझ्या दोषाविषयी बोलणारे या जगात कोणी उरले नाही.

मग नाट्यगृहाचे काम आले. या कुटुंबाला मिळालेले सर्वांत मोठे काम. दर्शनी कक्षाच्या उंच खिडक्यांना जाड मखमली पडदे हवे होते, आणि सर्व चुण्या हाताने घातलेल्या हव्यात, अशी अट होती. बायको आदल्या दिवशीच म्हणाली, ‘‘वन्सं, हे तुमच्याशिवाय होणार नाही.’’ आक्काने मान हलवली आणि टाचण्यांचा डबा भरून घेतला.

सकाळ कडाक्याच्या थंडीची होती. सर्व काचा वर. दांडे नेहमीपेक्षा लांब, म्हणून मागचे दार नेहमीपेक्षा अधिक उघडे. त्या फटीवर वाऱ्याला आडोसा म्हणून तागे रचले होते. थंडी त्यांतूनही येत होती, आणि थंडीबरोबर जे येत होते त्याची कोणाला कल्पना नव्हती. नाट्यगृहाच्या अलीकडे रस्ता खणलेला होता. वाहनांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मी थांबत होते, सरकत होते, पुन्हा थांबत होते. माझी नळी धूर सोडत होती. ते तिचे कर्तव्यच आहे. तो कोठे जावा, हे ठरवणे तिच्या हाती नाही.

‘‘आक्का गप्प आहे आज,’’ नवरा म्हणाला.

बायकोने आरशातून पाहिले. ‘‘झोपल्यात. झोपू द्या. रात्री उशिरापर्यंत मापं लावत होत्या.’’

नाट्यगृहाशी उतरल्यावर बायकोने मागचे दार उघडले आणि पडदा घेण्यासाठी हात घातला. पडदा येईना. तिने हिसका दिला, तेव्हा पडद्याबरोबर आक्काचा हात आला. आक्काने चुण्या घालता घालता मखमल स्वतःच्या बाहीला टाचली होती. मनगटापासून कोपरापर्यंत. प्रत्येक चुणी शेजारच्या चुणीएवढी, प्रत्येक टाचणी सरळ. तिचा चेहरा लालसर, निरोगी दिसत होता. तो पाहून क्षणभर बायकोला हसू आले.

‘‘वन्सं, अहो स्वतःलाच काय शिवून घेतलंत?’’

आक्काचे डोके बाजूला कलले.

त्यानंतर मला अतिशय वेगाने हाकण्यात आले. दांडे माझ्या पोटात तसेच होते. या खेपेस सर्व काचा उघड्या होत्या. बायको मागे आक्काचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि वारा हवा म्हणून ओरडत होती. त्या वाऱ्याने आक्का वाचली, असे पुढे कळले.

मी रुग्णालयाबाहेर उभी होते. आत काय झाले ते मी पाहिले नाही. दोघे परत आले, तेव्हा मात्र सर्व बोलणे माझ्यातच झाले.

‘‘डॉक्टर म्हणतात, रक्तात धूर आहे,’’ बायको म्हणाली. ‘‘मला विचारत होते, बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्या होत्या का? मी म्हटलं, नाही हो डॉक्टर, त्यांना नुसती गाडी...’’

ती थांबली. नवऱ्याने मला रस्त्याच्या कडेला घेतले, किल्ली फिरवून बंद केले आणि खाली उतरून माझी चारही दारे उघडली. त्याला दुसरे काही सुचले नसावे.

तेथून तो मला ढकलत नेल्यासारखे सावकाश गॅरेजमध्ये घेऊन गेला. मी प्रथमच तेथे भरलेल्या स्थितीत गेले. दांडे बाहेर, दार दोरीने बांधलेले. मिस्त्री माझ्याभोवती एक फेरी मारून थांबला.

‘‘हे असं कधीपासून चालवताय?’’

‘‘घेतल्यापासून.’’

‘‘मला कधी बोलला नाहीत.’’

‘‘तुम्ही गाडीचं विचारायचात,’’ पडदेवाला म्हणाला. ‘‘दांडे माझे. ते गाडीचे कुठं आहेत?’’

बायको म्हणाली, ‘‘कामाच्या दिवशीच लागते, हे मीच म्हणत होते. टोमणा म्हणून म्हणत होते.’’

‘‘वहिनी, तोच टोमणा इथं येऊन मारला असतात, तर...’’ मिस्त्रीने वाक्य अर्धेच सोडले. मग माझ्या नळीकडे पाहून म्हणाला, ‘‘पण मी तरी काय केलं? आवाजच आहे म्हणालो होतो.’’

बायकोने ताग्यांतून जाळीच्या कापडाचा तुकडा फाडून काढला, त्याच्या लांब चिंध्या केल्या आणि माझ्या उघड्या दाराच्या कडेला बांधल्या. मग स्वतः आक्काच्या जागी बसली. ‘‘चला. काचा उघड्या राहू द्या, पण चला,’’ ती म्हणाली. मी रिकाम्या रस्त्यावर धावले. धावत्या गाडीच्या दाराला बांधलेले कापड मागे, बाहेर फडफडावे, अशी सर्वांची समजूत होती. चिंध्या आत वळल्या. त्या सरळ ताठ होऊन मागच्या आसनाकडे, तिच्या तोंडाकडे रोखून राहिल्या.

परत आल्यावर मिस्त्रीने समजावले, ‘‘गाडी पुढं पळते तेव्हा तिच्या पाठीमागं हवेचा खड्डा पडतो. धूर त्या खड्ड्यात येतो आणि उघड्या दारानं आत शिरतो. त्यात नळी फुटलेली, तीही नेमकी मागच्या आसनाखाली; पुढं बसणाऱ्यांपर्यंत तो विरून पोहोचतो. यातला जो मारणारा भाग असतो ना, त्याला वासच नसतो.’’ कोणी त्याला दोष दिला नाही.

माझी नळी मुळापासून बदलली. छतावर दांड्यांसाठी लोखंडी चौकट बसवली. मागच्या दाराचे रबर नवे घातले; आता दार ‘खट्’ असा आवाज करून लागते, आणि लागले की लागलेलेच राहते. मिस्त्रीने मला दोनदा तपासले, नंतर तिसऱ्यांदाही तपासले, आणि माझ्यात आता कोणताही दोष नाही, असे सांगितले. नाट्यगृहाचे पडदे दुसऱ्या कोणी लावले.

आक्का घरी आली. चालते, जेवते, विचारले तर उत्तर देते. मधूनच वाक्याच्या मध्यावर थांबते आणि वाक्य तेथेच राहते. डॉक्टर म्हणतात, काळ जाईल तसे सुधारेल. कदाचित सुधारणार नाही. बोटांच्या टोकांना टाचणी लागलेली तिला कळत नाही. धाकट्या भावाकडे पाठवण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आज मी अशी आहे. पुढच्या आसनावर पडदेवाला एकटा बसतो. बायको मागे, आक्काशेजारी बसते. वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या गाडीत मागे कोणी बसत असेल आणि ती व्यक्ती म्हणाली, की मला गाडी लागते, तर एकदा तरी त्या वाक्यातला कर्ता शोधावा. गाडी थांबवावी, खाली उतरावे, वाकून पाहावे. आम्हांला सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो किती दिवस सांगत राहील, याचा भरवसा नसतो. माझी एवढीच विनंती आहे.

आक्का अजूनही चुण्या घालते. त्या लहानमोठ्या पडतात. टाचलेली पट्टी तिच्या मांडीवरून पुढे सरकते, तसतशी बायको ती आपल्याकडे ओढून घेते, टाचण्या काढते, चुणी सारखी करते आणि पुन्हा टाचते. आक्का खिडकीबाहेर पाहत असताना ती हे करते. आक्काला ते ठाऊक आहे की नाही, हे मला कळलेले नाही. हादरा नाही, घरघर नाही. मी आता इतकी शांत चालते, की मखमलीतून टाचणी निघते तो आवाजही मला ऐकू येतो.